परसाची यादी कुणी करायची?

गेल्या साली रोहिणी निघायला पंधरा दिवस होते, तेव्हा पुण्याचा पुतण्या गावाकडं आला. जुन्या घरामागचा दीड गुंठ्याचा परस त्याला पुन्हा उभा करायचा होता. चांगली गोष्ट. त्यानं मोबाईलवर यादी करून आणली होती. वर मथळा, ‘देशी आणि वारसा वाण’. खाली एक्केचाळीस नावं. जांभळं गाजर, काळा टोमॅटो, पिवळी झुकिनी, लाल भेंडी, सात तऱ्हेची वांगी, नऊ तऱ्हेच्या मिरच्या. एकेका पाकिटात मोजून दहा-वीस बिया, आणि पाकिटाची किंमत आमच्याकडच्या किलोभर घेवड्याएवढी.

“तात्या, बघा की यादी. काय राहिलंय का?”

म्हणलं, “समदं हाय. खाणारं माणूस तेवढं राहिलंय. ह्यातली झुकिनी तुझ्या आईनं कधी चुलीवर चढवली हाय का?”

तो हसला, पण त्याला जरा लागलं. त्याला लागलं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

त्याच आठवड्यात आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायकांना एका कार्यालयातनं परसबागेची पिशवी मिळाली. बारा पाकिटं. फोटो निघाले, टाळ्या झाल्या. घरी आणून आमच्या सूनबाईनं एक पाकीट फोडलं, तर आत गुलाबी पूड चोळलेलं बी. पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं, हे बी खाऊ नये, जनावराला घालू नये. वांगी आली, भेंडी आली, भरपूर आली, खोटं कशाला बोलू. पण त्यातलं धरलेलं बी पुढच्या साली टाकलं तर एक झाड कमरेएवढं, एक गुडघ्याएवढं. एकाचं फळ लांब, दुसऱ्याचं बुटकं. संकरित बियाची ही रीतच आहे. पहिल्या पिढीला सगळी झाडं सारखी येतात, दुसऱ्या पिढीत आजा-पणज्याचे गुण फाटाफूट होऊन बाहेर पडतात. बायका म्हणाल्या, “पिशवी परत कधी येणार?” पिशवी परत आली नाही. बारा घरचे परस पुन्हा ओसाड पडले.

पुतण्याची यादी शहरातली आणि पिशवी सरकारी दारातली, तरी मला दोन्ही एकाच माळेतली वाटतात. दोन्हीत परसात काय लावायचं ते परसाबाहेरच्या माणसानं ठरवलं. दोन्हीत पुढच्या साली बी विकत नाहीतर फुकट, पण बाहेरूनच यायचं. माझं भांडण ह्याच्याशी आहे. शेतात काय लावायचं हे बाजारानं ठरवलं, ते आपण मान्य केलं. कर्ज फेडायचं असतं, पोरांच्या फिया असतात. पण घरामागच्या चार वाफ्यांत तरी आपली अक्कल चालू द्या.

माझं शिक्षण दहावी. १९७६ साली परीक्षा दिली आणि नांगराला लागलो. परसाची शाळा मात्र त्याआधीच झाली होती. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमचा खटावचा मुलूख, आधीच पाऊस हातचा राखून पडणारा. त्या साली विहिरींना तळ दिसला. आई-बाप खडी फोडायला जायचे. आम्हा पोरांना सुकडी मिळायची आणि घरात रेशनचा तांबडा मिलो शिजायचा. त्याची भाकरी थापताना आई रडकुंडीला यायची, ती मोडायचीच.

घरात उतरंडीच्या सगळ्यात वरच्या गाडग्यात पावट्याचं बी होतं, राखेत कालवलेलं. असेल शेर-सव्वाशेर. एका रात्री धाकटा भाऊ भुकेनं झोपेना. मी म्हणलं, “आई, त्या गाडग्यातला पावटा शिजीव की.” आईनं गाडगं खाली काढलं. मला वाटलं, शिजवणार. तिनं आत हात घातला, बी भुंग्यानं फोडलंय का ते बघितलं, वर आणखी राख घातली आणि गाडगं परत ठेवलं. म्हणाली, “आज खाल्लं तर आजच्यापुरतं. पाऊस आल्यावर काय पेरू, तुझी भूक?” बारा वर्षांच्या पोराला त्या वेळी आई दुष्ट वाटली. त्र्याहत्तरला पाऊस झाला आणि त्या पावट्याचा वेल न्हाणीच्या भिंतीवर चढला, तेव्हा ते कळलं. तोच पावटा आज माझ्या परसात आहे. मृगात लावायचा, आणि थंडी पडल्याशिवाय तो फुलाला येत नाही. कितीही खत घाला, पाणी घाला, दिवस लहान झाल्याशिवाय हालत नाही. पुतण्याच्या यादीत ‘बारमाही घेवडा’ होता. मला बारमाही नको. पौषात शेंगा याव्यात आणि त्याची वाट बघावी, ह्यातच त्याची चव आहे.

आता माझ्या हातचं पाप सांगतो. दुसऱ्याला बोलायचं तर आधी आपला पदर झाडावा.

आईकडं एक वांगं होतं. देठाला काटे, अंगावर जांभळे-पांढरे पट्टे, आकार लिंबाहून थोडा मोठा. भरून केलं की तेलात नुसतं विरघळायचं, पण आकार मोडायचा नाही. नव्वदनंतर मी बाजारासाठी भाजीपाला करायला लागलो. रोपवाटिकेतनं संकरित वांग्याची रोपं आणली, शेतात लावून उरली. उरलेली पंचवीस रोपं परसात आईच्या वांग्याच्या शेजारच्या वाफ्यात लावली. आई म्हणाली, “लांब लाव. सोयरीक व्हईल.” मी दहावी शिकलेला. म्हणलं, “आई, वांग्याचं फूल स्वतःचं स्वतःच फळतं. पुस्तकात हाय.”

पुस्तकात होतं, ते खरंच आहे. बरीचशी फळं तशीच धरतात. पण सगळी नाही. भुंगा एका फुलावरनं दुसऱ्या फुलावर जातो आणि त्यानं पुस्तक वाचलेलं नसतं. दोन-तीन साल आईनं त्याच झाडांचं बी धरलं. आधी काटे गेले, मग पट्टे पुसट झाले, मग साल जाड झाली. चौथ्या साली भरलं वांगं पातेल्यात फुटलं. आईनं पातेलं माझ्यासमोर ठेवलं आणि काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

ते वांगं परत मिळालं, पण माझ्या कर्तबगारीनं नाही. आत्या लग्न होऊन माणदेशात गेली, तेव्हा आमच्या आजीनं तिच्या पदराला बियांची पुरचुंडी बांधली होती. पन्नास वर्षांनी मी आत्याच्या घरी सुतकाला गेलो. जेवणात वांगं आलं. घास तोंडात घातला आणि हात थांबला. आत्याच्या सुनेला विचारलं, “हे कुठलं?” ती म्हणाली, “सासूबाईंच्या माहेरचं. म्हंजे तुमचंच की.” येताना चार पिवळी पिकलेली वांगी पिशवीत घालून घेऊन आलो. आई तोवर नव्हती.

म्हणून मी सांगतो, वाण बाईच्या पदरातनं चालत आलंय. परस सातबाऱ्यावर नसतो, तो गावठाणात असतो आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर त्याची घरासकट एक ओळ असते. त्या ओळीवरही बहुतेक घरात बाईचं नाव नसतं. पण कुठलं बी धरायचं, कुठल्या लेकीला द्यायचं, हा निवाडा तिचा. आता परसबागेवर भाषण करायला मात्र आम्ही बाप्ये उभे राहतो. मी पण त्यातलाच एक.

कुणी म्हणेल, तात्या म्हातारे झाले, जुनं तेवढं सोनं म्हणतात. तसं नाही. संकरित टोमॅटोच्या पैशावर माझ्या घराचा स्लॅब पडला. गावठी टोमॅटो पातळ सालीचा, पिकला की चिरतो, क्रेटमधनं तालुक्यालाही नीट पोचत नाही. बाजाराला तो चालत नाही. पण परसातनं चुलीपर्यंत वीस पावलं आहेत. वीस पावलांसाठी जाड साल कशाला पाहिजे? आमटीत टाकला की विरघळतो आणि चिंचेचं काम निम्मं करतो. गावठी वांग्याला शेंडेअळी लागत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लागते. रोज सकाळी सुकलेला शेंडा खुडून जाळावा लागतो. चार वाफ्यांत ते जमतं, चार एकरांत जमत नाही. शेताचं गणित शेतात ठेवा आणि परसाचं परसात.

आणि ‘देशी, देशी’ म्हणून छाती बडवणाऱ्यांनाही एक सांगतो. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजातनं आली. टोमॅटो, बटाटा, लाल भोपळा हे सगळे त्याच बाजूचे, अमेरिका खंडातले. आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचं मूळही तिकडचंच. वांगं, काकडी, दोडका हे इकडचे जुने रहिवासी. म्हणून काय मिरचीला परकी म्हणणार? जे बी आपल्या मातीत, आपल्या पावसात, आपल्या घरच्या जिभेवर पिढ्यान्‌पिढ्या निवडलं गेलं, ते आपलं. दूरदेशीचा काळा टोमॅटो तिकडच्या कुणाच्या तरी आजीचा वारसा असेल. तिला माझा नमस्कार. पण त्याचं पाकीट विकत घेतल्यानं तो माझा वारसा होत नाही. तो तुम्ही वीस वर्षं लावा, बी धरा, सुनेला द्या, मग तिचा होईल.

मग यादी करायची कशी? मी पुतण्याला चार प्रश्न विचारले, तेच इथं मांडतो.

पहिला, घरात काय खातात? महिन्यातनं दोनदा तरी जी भाजी शिजते तीच परसात. हौसेला एक वाफा ठेवा, जास्त नको.

दुसरा, हे बी तुम्हाला कुणी दिलं? त्या माणसाचं दार माहीत पाहिजे. नुसतं बी घेऊन चालत नाही, त्याच्याबरोबर बोलणंही घ्यावं लागतं. आत्याच्या सुनेनं वांगी देताना सांगितलं, “ह्याला पाणी कमी द्या, जास्त झालं की पानं माजतात.” हे पाकिटावर छापलेलं नसतं.

तिसरा, त्याचं बी तुम्हाला धरता येतं का? इथंच सगळे फसतात. आपल्याकडं काय चालतं, चांगली चांगली फळं खायची आणि शेवटी झाडावर राहिलेलं, किडकं, वाकडं, तोडायचं विसरलेलं फळ बियाला ठेवायचं. म्हणजे दरसाल आपण वाईटाची निवड करतो आणि म्हणतो, गावठी वाण खालावलं. आईची रीत उलटी होती. झाड भरात असताना, दुसऱ्या-तिसऱ्या तोडीला, सगळ्यात देखण्या झाडाच्या देखण्या फळाला ती लुगड्याची तांबडी चिंधी बांधायची. त्या फळाला पाहुणा आला तरी हात लावायचा नाही. वांगं पिवळं पडून मऊ होईपर्यंत झाडावर ठेवायचं, पाण्यात चोळायचं, तळाला बसलेलं बी घ्यायचं, तरंगलेलं टाकून द्यायचं, सावलीत वाळवून राखेत ठेवायचं. दोडका वेलावरच वाळू द्यायचा. हलवल्यावर खुळखुळ वाजला की काढून चुलीच्या वर धुरात टांगायचा. भोपळ्याचं बी शेणात कालवून भिंतीला थापायचं, पावसाळ्याच्या तोंडाला खरवडून काढायचं. बी एकाच झाडाचं धरू नका, पाच-सहा चांगल्या झाडांचं मिसळून धरा, नाहीतर वाणाचा कस जातो. आणि दुधी, काकडी, दोडका बियाला ठेवायच्या वेलाचं एखादं कोवळं फळ आधी कापून जिभेला लावा. कडू लागलं तर थुंका आणि तो वेल उपटा. कडू दुधी विषारी असतो, त्यानं माणसं दवाखान्यात गेलीत. त्याचं बी तर धरूच नका.

चौथा प्रश्न सगळ्यात मोठा, शेजाऱ्यानं काय लावलंय? नऊ तऱ्हेच्या मिरच्या दीड गुंठ्यात लावल्या तर तीन सालांत नऊच्या नऊ एकमेकींत मिसळतात. ढोबळीजवळची लवंगी लवंगी राहत नाही. भोपळ्याचं तर विचारू नका. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, मधमाशीशिवाय त्याचं लग्नच लागत नाही, आणि मधमाशीला तुमचं तारेचं कुंपण कळत नाही. शुद्ध बी पाहिजे असेल तर संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणारी नर-मादी फुलं हेरून दोऱ्यानं बांधावी, सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर टेकवावं आणि मादी फूल पुन्हा बांधावं. हे जमतं, मी केलंय. पण त्याहून सोपा मार्ग आमच्या आळीत पूर्वी होता. एका घरचा भोपळा, दुसऱ्या घरचा दोडका, तिसऱ्या घरची मिरची. कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्या बायकांना माहीत होतं. मृगाच्या आधी एकमेकींकडं मूठभर बी मागायला जायच्या. एकीचं बी उंदरानं खाल्लं तर दुसरीकडं असायचं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. परसाची यादी एका घरानं एकट्यानं करू नये, आळीनं करावी. एका घरानं दोनच वाण धरावे, पण पक्के धरावे. वीस घरं असली तर चाळीस वाण झाले. पुतण्याच्या एक्केचाळीसच्या यादीत एकच कमी.

२००१ साली देशात वाण संरक्षणाचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा झाला. शेतकऱ्यानं आपलं बी ठेवावं, पेरावं, देवाणघेवाण करावी, विकावंसुद्धा, फक्त ब्रँडच्या नावानं विकू नये, असं त्यात लिहिलंय. हक्क आहे. पण गाडगं रिकामं असेल तर हक्क काय राखेत ठेवायचा? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावठी बी घरात जपलं, वाढवलं, वाटलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण फोटो पुढं पाठवला, बीजमाता म्हणून हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातनं पाकीट आणलं. तुमच्या आळीतही एखादी म्हातारी असेल, जिच्या घरी अजून चाकवताचं, अंबाडीचं, नाहीतर पडवळाचं जुनं बी असेल. तिला पद्मश्री मिळायची नाही. तिच्या दारात जाऊन मूठभर बी मागा, तोच तिचा सत्कार. आणि लवकर जा. ती गेली की सुना घर सारवताना गाडगं उकिरड्यावर टाकतात. माझ्या डोळ्यांदेखत तीन घरांत असं झालंय.

पुतण्या आधी रागावून गेला. मृगाच्या आदल्या दिवशी परत आला. यादीतली सात नावं ठेवली होती, चौतीस खोडली होती. वांगं माझ्याकडचं, पावटा माझ्याकडचा. मिरची वरच्या आळीतल्या काकूंकडं मागायला त्याला मीच पाठवलं. तो दीड तास आलाच नाही. आला तेव्हा मिरचीबरोबर अंबाडीचं बी, दोडक्याचा खुळखुळा आणि चहा पिऊन आला होता. “तात्या, त्यांनी विचारलं, तुझ्याकडचं काय देशील?”

“मग? काय म्हणालास?”

“म्हणलं, अजून काही न्हाई. पुढच्या साली देतो.”

झाला सालभराचा वायदा. ह्या साली त्याच्या वांग्याला चिंधी बांधलेली मी बघितली. चिंधी नव्हती, मोबाईलच्या चार्जरची जुनी वायर होती. चालेल. फळ देखण्या झाडाचं होतं, एवढं मी वाकून बघून आलो.